एका अक्षराचा फरक: आरएनए स्प्लायसिंगवर वाचकांचे प्रश्न

जनुकाची आरएनए प्रत निघाली की तिच्यातले इंट्रॉन कापून टाकायचे आणि उरलेले एक्झॉन एकमेकांना जोडायचे, या कामाला स्प्लायसिंग म्हणतात. मागच्या अंकात त्यावर एक छोटं टिपण आलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. ज्यांनी वैद्यकीय अहवाल जोडले होते, त्यांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न: इंट्रॉन जीयूने सुरू होतो आणि एजीने संपतो, एवढंच आमच्या पुस्तकात आहे. पण ही अक्षरं तर कुठेही सापडतात. मग पेशीला नेमकी जागा कळते कशी? शिवाय परीक्षेत पायऱ्या लिहिताना कायम गोंधळ होतो.
(बी.एस्सी. तृतीय वर्ष, सातारा)

शंका रास्त आहे. आरएनएची लिपी ए, यू, जी, सी अशा चार अक्षरांची. त्यामुळे जीयू ही जोडी निव्वळ योगायोगानेही सरासरी दर १६ जागांमागे एकदा येणारच. दहा हजार अक्षरांच्या इंट्रॉनमध्ये अशा सहाशेच्या वर जोड्या निघतील. म्हणजे जीयू आणि एजी असायलाच हवेत, पण तेवढ्यावर भागत नाही.

पेशी वाचते ती याहून लांब खूण. इंट्रॉनच्या सुरुवातीच्या टोकाला एक्झॉनची शेवटची ३ आणि इंट्रॉनची पहिली ६ अशी ९ अक्षरं बघितली जातात. माणसात त्यांचा आदर्श क्रम सीएजी-जीयूएएजीयू असा आहे. यू१ नावाच्या कणातला आरएनए या अक्षरांशी जोड्या जुळवतो. जितक्या जोड्या जुळतील तितकी पकड घट्ट. शेवटच्या टोकाला तीन खुणा असतात: खुद्द एजी, त्याच्या अलीकडे यू आणि सी यांची दाटी असलेला पट्टा, आणि त्याच्याही अलीकडे, बहुधा एजीपासून १८ ते ४० अक्षरांवर, शाखाबिंदूचा ए. यीस्टमध्ये या ए भोवतीचा यूएसीयूएएसी हा क्रम जवळजवळ कधीच बदलत नाही. माणसात मात्र तो इतका सैल आहे की संगणकालाही शाखाबिंदू खात्रीने दाखवता येत नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकं बहुधा सोडून देतात. माणसाचा एक्झॉन सरासरी दीडशे अक्षरांचा आणि इंट्रॉन हजारो अक्षरांचा. इतक्या लांबच्या दोन टोकांची गाठ घालण्याआधी यंत्रणा छोट्या एक्झॉनच्या दोन्ही बाजू मिळून ओळखते. एक्झॉनच्या आतल्या काही क्रमांवर एसआर प्रथिनं बसतात आणि यू१ व त्याच्याच जातीचा यू२ हा कण यांना जवळ आणतात. एचएनआरएनपी कुळातली प्रथिनं बऱ्याचदा उलट काम करतात, म्हणजे एक्झॉन दडवतात. ही ओढाताण लक्षात ठेवा, खाली एका उत्तरात लागणार आहे.

आता पायऱ्या. यू१ सुरुवातीच्या टोकावर बसतो. एसएफ१ शाखाबिंदूवर, यू२एएफची मोठी उपघटक साखळी यू-सी पट्ट्यावर आणि छोटी एजीवर बसते. मग एसएफ१ला हटवून यू२ येतो. यू२च्या आरएनएशी शाखाबिंदूचा भाग जुळतो, पण तो ए तेवढा जोडीविना बाहेर डोकावत राहतो, आणि म्हणूनच तो पुढे रासायनिक हल्ला करू शकतो. त्यानंतर यू४, यू५, यू६ हे त्रिकूट एकत्रच येतं. सुरुवातीच्या टोकावर यू१ची जागा यू६ घेतो. यू४ने यू६ला धरून ठेवलेलं असतं. ती जोडी उलगडली की यू४ निघून जातो आणि यू६ यू२शी जुळतो. इथे स्प्लायसिओसोम, म्हणजे स्प्लायसिंगची ही सगळी यंत्रणा, कामाला तयार होतो.

प्रत्यक्ष रसायन फक्त दोन अभिक्रियांचं. पहिल्या अभिक्रियेत शाखाबिंदूच्या ए चा २' हायड्रॉक्सिल गट इंट्रॉनच्या सुरुवातीच्या टोकावर हल्ला करतो. एक्झॉन सुटतो आणि इंट्रॉनचा फास तयार होतो. दुसऱ्या अभिक्रियेत सुटलेल्या एक्झॉनचा ३' हायड्रॉक्सिल गट एजीनंतरच्या जागी हल्ला करतो. दोन एक्झॉन जोडले जातात आणि फास मोकळा होतो. यू५ या वेळी दोन्ही एक्झॉनची टोकं समोरासमोर धरून ठेवतो.

उत्तरपत्रिकांत गुण जातात ते ठराविक ठिकाणी. फासातला जोड २'-५' आहे, ३'-५' नव्हे. यू४ उत्प्रेरक नाही. कापण्याचं काम यू६च्या आरएनएमध्ये धरलेले दोन मॅग्नेशियम आयन करतात, प्रथिनं नव्हेत. आणि 'स्प्लायसिंगच्या रसायनासाठी एटीपी लागतं' हे वाक्य चुकीचं आहे. दोन बंध तुटतात, दोनच जुळतात, हिशोब बरोबरीत सुटतो. एटीपी खर्च होतं ते पीआरपी२, पीआरपी१६, पीआरपी२२, पीआरपी४३ अशा हेलिकेज प्रथिनांसाठी. ती या यंत्रणेचे भाग दर पायरीला उलगडतात आणि शेवटी सगळा सांगाडा मोडून पुढच्या इंट्रॉनसाठी मोकळा करतात.

प्रश्न: मी आणि पत्नी दोघेही थॅलेसेमिया मायनर आहोत. माझ्या अहवालात 'एचबीबी सी.९२+५ जी>सी' आणि पत्नीच्या अहवालात '६१९ बीपी डिलीशन' असं लिहिलं आहे. इंट्रॉन कापूनच टाकायचा असतो, तर त्यातलं एक अक्षर बदलल्याने काय बिघडतं? आणि दोघांचे दोष वेगवेगळे आहेत, म्हणजे बाळाला धोका नाही ना?
(उल्हासनगर)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे. धोका आहे, आणि दोष वेगळे असल्याने तो कमी होत नाही. दोन्ही दोष हिमोग्लोबिनच्या एकाच बीटा ग्लोबिन (एचबीबी) जनुकातले आहेत. प्रत्येक गरोदरपणात बाळाकडे दोन्ही दोष जाऊन थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, तुमच्यासारखं मायनर असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. आधीचं मूल निरोगी असलं तरी पुढच्या वेळी हे आकडे तसेच राहतात.

आता अक्षराचं. 'सी.९२+५' याचा अर्थ असा: प्रथिनाचा मजकूर सुरू होतो तिथपासून मोजलं तर ९२वं अक्षर हे पहिल्या एक्झॉनचं शेवटचं, आणि +५ म्हणजे त्यापुढच्या इंट्रॉनमधलं पाचवं. जुन्या अहवालांत यालाच 'आयव्हीएस १-५' म्हणतात. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच.

बीटा ग्लोबिनचा पहिला इंट्रॉन अवघ्या १३० अक्षरांचा आहे. त्यातलं पाचवं जी हे यू१ ज्या ९ अक्षरांशी जुळतो त्यांपैकी एक. ते सी झालं की एक जोडी तुटते आणि पकड ढिली पडते. यंत्रणा तेव्हा थांबत नाही. ती आसपास दुसरी बरी वाटणारी जागा शोधते. इथे अशा तीन छुप्या जागा आहेत: खऱ्या जागेच्या १६ अक्षरं आधी, ३८ अक्षरं आधी आणि १३ अक्षरं नंतर. या तिन्ही आकड्यांना तीनने भाग जात नाही, आणि खरी आपत्ती तिथे आहे. प्रथिन वाचलं जातं तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत. 'कमल गरम वरण करत' या मजकुरातलं एकच 'ल' गाळून पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा: 'कमग रमव रणक रत'. पेशीलाही पुढे असाच निरर्थक मजकूर मिळतो, त्यात लवकरच थांब्याचं चिन्ह लागतं आणि बीटा साखळी अर्ध्यातच तुटते.

तुमच्या दोषात खरी जागा पूर्ण बंद होत नाही. थोडं बरोबर स्प्लायसिंग चालू राहतं, म्हणून याला 'बीटा प्लस' म्हणतात, तोही तीव्र प्रकारचा. त्याच इंट्रॉनचं पहिलंच अक्षर, म्हणजे +१ चं जी बदललं असतं, तर बरोबर जोड जवळजवळ शून्य झाली असती. तो 'बीटा शून्य'. म्हणून कोणत्याही जनुकाच्या अहवालात +१, +२, -१, -२ या जागा दिसल्या तर त्या गंभीर समजाव्यात. +५ किंवा त्यापलीकडच्या जागांबाबत मात्र त्या विशिष्ट बदलाचा पुरावा बघावा लागतो. जाता जाता, पूर्व आणि ईशान्य भारतात आढळणारं हिमोग्लोबिन ई हेही याच गोष्टीचं भावंड. त्यात बदल एक्झॉनच्या आत, २६व्या अमिनो आम्लाच्या जागी आहे. त्याने अमिनो आम्ल तर बदलतंच, शिवाय वर सांगितलेली १६ अक्षरं आधीची छुपी जागा जागी होते.

पत्नीच्या दोषात स्प्लायसिंगचा प्रश्नच उरत नाही. जनुकाचा शेवटचा भाग, तिसऱ्या एक्झॉनसकट, ६१९ अक्षरांच्या तुकड्यात गेलेला आहे. हा दोष सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत तुलनेने जास्त दिसतो. साध्या अनुक्रम वाचनात तो निसटू शकतो, कारण यंत्र निरोगी प्रत वाचतं आणि सगळं ठीक दिसतं. त्यासाठी वेगळी गॅप-पीसीआर चाचणी लागते.

करायचं काय? गरोदरपणाआधी दोघांचे डीएनए अहवाल हातात असणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि ती तुमची झाली आहे. गर्भ साधारण ११ ते १३ आठवड्यांचा असताना वारेच्या पेशी काढून नेमके हे दोन दोष तपासता येतात. १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजलातूनही तपासणी होते, पण निर्णयाला वेळ कमी उरतो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेल्या आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत थॅलेसेमियाचं गर्भनिदान अनेक वर्षं होत आलं आहे. दिवस राहिल्याचं कळताच, आठव्या आठवड्याच्या आत, संपर्क साधा.

इतर वाचकांसाठी: मायनर ओळखायला एचपीएलसी चाचणीत हिमोग्लोबिन ए२ बघतात. ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर मायनरची शक्यता दाट. मात्र लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खाली येऊन फसवू शकतो. एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) ८० पेक्षा कमी आणि ए२ काठावर, असा अहवाल आला तर लोह भरून काढून चाचणी पुन्हा करावी किंवा थेट डीएनए तपासावा.

प्रश्न: कोविडच्या एमआरएनए लशीतला आरएनए आपल्या डीएनएमध्ये 'स्प्लाइस' होतो, असा संदेश फिरतोय. खरं काय?
(चिंचवड)

नाही. स्प्लायसिंगमध्ये आरएनए कापला आणि जोडला जातो, डीएनएला हात लागत नाही. शिवाय ही यंत्रणा केंद्रकात असते आणि लशीचा आरएनए पेशीद्रव्यात राहून तिथेच काही दिवसांत मोडतो. त्याला टोपी आणि ए-शेपटी जोडलेली असते, इंट्रॉन नसतोच. पुण्याच्या जेनोव्हाची लसही याच वर्गातली.

कोविशील्डचं थोडं वेगळं आहे. तिच्यातला अॅडिनोव्हायरसचा डीएनए केंद्रकात जातो आणि त्याचा एमआरएनए तिथे तयार होतो, म्हणजे त्याची स्प्लायसिंग यंत्रणेशी गाठ पडू शकते. पण तीही आरएनएच्या पातळीवर. गंमत अशी की स्प्लायसिंगचा शोध अॅडिनोव्हायरसमध्येच लागला. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी विषाणूचा एमआरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा डीएनएचे काही भाग जोडीविना वेटोळ्यांसारखे बाहेर आलेले दिसले. ते इंट्रॉन होते. त्यासाठी दोघांना १९९३चं नोबेल मिळालं.

प्रश्न: लिहायचं, मग कापून टाकायचं. निसर्ग एवढा उधळा का?
(निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उधळेपणा आहे खरा. डिस्ट्रॉफिन हे स्नायूंचं जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचं. त्याची एक प्रत निघायला १६ तास लागतात. ७९ एक्झॉन जोडून उरतो तो १४ हजार अक्षरांचा एमआरएनए. म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक लिखाण टोपलीत. यीस्टने हा खर्च टाळला आहे: सुमारे सहा हजार जनुकं आणि इंट्रॉन तीनशेच्या आत.

बदल्यात मिळतं ते लवचीकपण. थायरॉईडच्या सी पेशींत एका जनुकाचा चौथा एक्झॉन ठेवला जातो आणि कॅल्सिटोनिन बनतं. मज्जापेशींत तोच गाळून पाचवा आणि सहावा घेतले की सीजीआरपी बनतं, म्हणजे मायग्रेनच्या नव्या औषधांचं लक्ष्य. फळमाशीच्या डीस्कॅम जनुकात चार ठिकाणी पर्यायी एक्झॉनचे गट आहेत: १२, ४८, ३३ आणि २. प्रत्येक गटातून एकच निवडायचा. गुणाकार ३८,०१६. माणसात अनेक एक्झॉन असलेल्या जनुकांपैकी सुमारे ९५ टक्क्यांत एकाहून अधिक प्रकारे जोडणी होते.

तरी एक सावधगिरी. आरएनएमध्ये दिसलेला प्रत्येक प्रकार उपयोगाचा असतोच असं नाही. बरेचसे यंत्रणेच्या चुका असतात आणि पेशी त्या नष्ट करते. 'एका जनुकातून हजारो प्रथिनं' हे वाक्य लेखांत फार सैल हाताने वापरलं जातं. आणि इंट्रॉन मुळात या फायद्यासाठी आले असंही नाही. स्वतःच स्वतःला कापून घेणारे इंट्रॉन जिवाणूंत आजही आहेत. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात प्रथिनाविना स्वतःला कापणारा आरएनए थॉमस चेक यांनी १९८२ साली दाखवला. आपले इंट्रॉन जिवाणूंतल्या तशाच एका गटाचे वंशज असावेत, हे मत सध्या सर्वाधिक मान्य आहे. आधी घुसखोरी झाली, उपयोग मागाहून सापडला.

प्रश्न: सात वर्षांच्या मुलाला ड्युशेन (स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार) असल्याचं निदान झालं. अहवालात 'एक्झॉन ५० डिलीशन' आहे. एक्झॉन आणखी एक गाळायचं औषध आहे असं ऐकलं. आधीच एक गेलाय, आणखी घालवून फायदा कसा? आणि स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीचं औषधही हेच का?
(कोल्हापूर)

हिशोब पुन्हा तीनचाच. ५०वा एक्झॉन १०९ अक्षरांचा आहे. १०९ म्हणजे ३६ त्रिकं आणि वर एक अक्षर. तो गेल्यावर पुढचं सगळं वाचन सरकतं आणि डिस्ट्रॉफिन तयारच होत नाही. ५१वा एक्झॉन २३३ अक्षरांचा. दोन्ही मिळून ३४२, म्हणजे बरोबर ११४ त्रिकं. ५१वाही गाळला तर मधला भाग जातो, पण ५२ पासून वाचन पुन्हा रुळावर येतं. प्रथिन आखूड, तरी दोन्ही टोकं शाबूत. निसर्गात अशाच आखूड प्रथिनामुळे होणारा आजार म्हणजे बेकर, आणि तो बराच सौम्य असतो.

औषध म्हणजे ५१व्या एक्झॉनवरची ओळखीची खूण झाकणारा कृत्रिम तुकडा. एटेप्लिर्सेन ३० अक्षरांचं आहे. दर आठवड्याला शिरेतून, वजनाच्या किलोमागे ३० मिलिग्रॅम. सुमारे १३ टक्के रुग्णांचा दोष या औषधाच्या कक्षेत येतो आणि तुमच्या मुलाचा त्यात बसतो.

आता कटू भाग. अमेरिकेत २०१६ साली त्याला सशर्त मान्यता मिळाली. तिथल्या अधिकृत माहितीपत्रकानुसार १८० आठवड्यांनंतर रुग्णांच्या स्नायूंतलं डिस्ट्रॉफिन निरोगी पातळीच्या सरासरी ०.९३ टक्केच होतं. युरोपीय नियामकाने मान्यता नाकारली. या रसायनाचा फार थोडा भाग स्नायूपेशींत शिरतो, हृदयात तर त्याहून कमी. तत्त्व भक्कम, पोहोच अपुरी. घरदार विकून हे औषध आणावं असा सल्ला आम्ही देणार नाही. स्टेरॉईड वेळेवर सुरू करणं, वर्षातून एकदा इको, फुप्फुसांची क्षमता मोजणं, घोट्यांचे स्नायू आखडू न देणारे व्यायाम, यांचा फायदा आजच्या घडीला जास्त खात्रीचा आहे.

अहवालाबाबत दोन गोष्टी बघा. एकाच एक्झॉनचं डिलीशन एमएलपीए चाचणीत दिसलं असेल, तर ते दुसऱ्या पद्धतीने पक्कं करून घ्या. चाचणीचा शोधक ज्या जागी चिकटतो तिथे एखादं अक्षर बदललेलं असलं, तरी एक्झॉन गायब असल्याचा भास होतो. दुसरं, मुलाच्या आईची तपासणी करा. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि सुमारे दोन तृतीयांश माता वाहक निघतात. ती वाहक असेल तर मावशी आणि बहिणींचाही प्रश्न येतो.

एसएमएमध्ये, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीमध्ये, नेमकं उलट करायचं असतं: गळणारा एक्झॉन आत आणायचा. एसएमएन१ जनुक नसलेल्या मुलांत जवळजवळ तसंच एसएमएन२ असतं. त्याच्या सातव्या एक्झॉनमध्ये सहावं अक्षर सी ऐवजी टी आहे. अमिनो आम्ल बदलत नाही, पण एसआर प्रथिनाची बैठक जाते, दडवणारी प्रथिनं वरचढ ठरतात आणि सातवा एक्झॉन बहुतेक वेळा गळतो. पूर्ण प्रथिन सुमारे १० टक्केच बनतं. पहिल्या उत्तरातली ओढाताण ती हीच. एक्झॉनला दडपणारी एक खूण त्याच्या पुढच्या इंट्रॉनमध्ये आहे. ती २००६ साली रवींद्र सिंह यांच्या गटाने शोधली. एड्रियन क्रेनर यांच्या कामातून आलेलं नुसिनर्सेन हे १८ अक्षरांचं औषध ती खूण झाकतं. मात्रा १२ मिलिग्रॅम, पाठीच्या कण्यातून: पहिल्या दिवशी, मग १४, २८ आणि ६३व्या दिवशी, पुढे दर चार महिन्यांनी. रिस्डिप्लाम हे तोंडाने रोज घ्यायचं औषध सातव्या एक्झॉनवरच्या यू१ची पकडच घट्ट करतं. इथे परिणाम ठसठशीत आहे, कारण औषध मज्जारज्जूपर्यंत पोहोचतं. अट वेळेची: मेलेल्या चालक मज्जापेशी परत येत नाहीत, म्हणून लक्षणं दिसण्याआधी किंवा दिसताच सुरुवात झालेल्या बाळांना फायदा सर्वाधिक.

प्रश्न: ल्युपसच्या तपासणीत 'अँटी-एसएम पॉझिटिव्ह' आलं. हे एसएम स्प्लायसिंगचा भाग आहेत असं वाचलं. माझं स्प्लायसिंग बिघडलंय का?
(नागपूर)

बिघडलेलं नाही. यू१, यू२, यू४ आणि यू५च्या आरएनएभोवती सात प्रथिनांचं कडं असतं, ती एसएम प्रथिनं. तुमच्या शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली आहेत. ल्युपसच्या सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांतच ती सापडतात, पण सापडली तर निदान बरंच पक्कं होतं. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर हा आकडा पुन्हा पुन्हा मोजण्यात पैसे घालवू नका. आजार किती सक्रिय आहे ते डीएस-डीएनए प्रतिपिंडं, सी३-सी४ आणि लघवीतलं प्रथिन यांवरून कळतं. विज्ञानाला मात्र या प्रतिपिंडांचा मोठा उपयोग झाला. येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी अशा रुग्णांच्या रक्तद्रवाचा गळ टाकून पेशीतून हे कण बाहेर काढले, आणि यू१ची अक्षरं इंट्रॉनच्या टोकाशी जुळतात हे १९८० साली मांडलं.

प्रश्न: रुग्णाच्या रक्तातून आरटी-पीसीआर करून स्प्लायसिंगचा दोष तपासतोय. अपेक्षित पट्टी ४१२ची. ती आहे, खाली ३००च्या आसपास एक आहे, मध्ये एक फिकट आणि वर सातशेच्या जवळ एक. कोणती खरी?
(एम.एस्सी., छत्रपती संभाजीनगर)

आधी वरची. ती इंट्रॉन राहून गेल्याची असू शकते किंवा जिनोमिक डीएनएच्या भेसळीची. याचा निकाल फक्त एका नळीने लागतो: तोच आरएनए, पण रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेला. तिथेही पट्टी आली तर डीएनेझची प्रक्रिया पुन्हा करा. आली नाही तर इंट्रॉन राहिलाय, पण रँडम हेक्झॅमर वापरले असतील तर केंद्रकातला अर्धवट आरएनएही मोजला गेलेला असेल. ऑलिगो-डीटीने पुन्हा करून बघा. मात्र डिस्ट्रॉफिनसारखा लांबलचक आरएनए असेल तर ऑलिगो-डीटी शेपटीकडचाच भाग देतं, सुरुवातीचे एक्झॉन येत नाहीत.

खालची पट्टी कापून तिचं अनुक्रम वाचन करा. ४१२ मधून ती वजा केल्यावर येणारा आकडा एखाद्या एक्झॉनच्या लांबीइतका असेल, तर तो एक्झॉन गळालाय. थोडा कमी-जास्त असेल तर छुपी जागा वापरली गेली असणार. वर थॅलेसेमियात १६ अक्षरांचा फरक सांगितला, तसा फरक १.५ टक्के अगॅरोजवर दिसणारच नाही. ३ टक्के किंवा पॉलिअॅक्रिलअमाइड घ्या.

प्रायमर संशयित एक्झॉनच्या लगतच्या एक्झॉनमध्ये न ठेवता शक्य असेल तर दोन्हीकडे एक-एक एक्झॉन सोडून ठेवा, नाहीतर दोन एक्झॉन एकदम गळाले तर काहीच दिसणार नाही. १ मायक्रोग्रॅम आरएनएपासून २० मायक्रोलिटर सीडीएनए करा, त्यातले १ ते २ मायक्रोलिटर २५ च्या पीसीआरला पुरतात. चक्रं २६ ते २८. पस्तीस केलीत तर आखूड पट्टी फुगून मोठी दिसते आणि 'अर्धा आरएनए बिघडलाय' असा खोटा निष्कर्ष निघतो. सोबत दोन निरोगी व्यक्तींचे नमुने हवेतच.

बिघडलेली पट्टी अपेक्षेपेक्षा फिकट असेल तर पेशीने ती नष्ट केली असेल. थांब्याचं चिन्ह शेवटच्या एक्झॉन-जोडाच्या ५० ते ५५ अक्षरांहून अधिक आधी आलं तर असा एमआरएनए मोडला जातो. लिम्फोसाइट वाढवून त्यांना ४ ते ६ तास सायक्लोहेक्झिमाइड, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, दिलं की ही मोडतोड थांबते. प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या पेशी शेजारी-शेजारी लावा. आणि हे सगळं करण्याआधी तुमचं जनुक रक्तपेशींत वाचलं जातं का ते पाहा. न वाचल्या जाणाऱ्या जनुकासाठी मिनिजीन बनवावं लागतं.

मधली फिकट पट्टी बहुधा खरी नाही. शेवटच्या चक्रांत ४१२ची एक साखळी आणि ३००ची दुसरी एकमेकींशी जुळतात, न जुळणारा भाग वेटोळं होऊन राहतो आणि जेलमध्ये हा संकर दोघींच्या मध्ये कुठेतरी थबकतो. तिचं वाचन केलंत तर एकावर एक दोन अनुक्रम दिसतील. उत्पादन दहापट पातळ करून ताज्या प्रायमरसह एकच चक्र पुन्हा चालवा. पट्टी नाहीशी झाली तर वहीत तिची तशी नोंद करा आणि प्रबंधाच्या आकृतीत तिला बाण लावू नका.